विषय : माफ करणेबाबत

"गोव्यातलं हॉटेल आहे मॅडम. दोन रात्री. आता आठवतंय का काही?"

बँकेतल्या साहेबानं हे मोठ्यानं विचारलं. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

मी नाशिकच्या एका दवाखान्यात नर्स आहे. त्या दोन्ही रात्री मी ड्युटीवर होते. गोवा मी अजून पाहिलेला नाही. माझ्या क्रेडिट कार्डाच्या बिलात ही खोली कुठून आली, तेच विचारायला मी गेले होते.

सोबत बाबा होते. बँकेचं काम म्हणून मनमाडहून मुद्दाम आलेले. रेल्वेत सफाई करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी हात जोडले.

"साहेब, पोरीचं काय चुकलं असंल तर माफ करा."

साहेब त्यांच्या नातवासारखा, पोरसवदा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं कोरा कागद पुढे सरकवला. "लिहा. विषय, बिलातली रक्कम माफ करणेबाबत." मी मुकाट लिहिलं. वळणदार अक्षरात. खाली 'आपली नम्र'सुद्धा. शाळेपासूनची सवय.

सही करणार तोच बाबा कानाशी आले.

"पोरी, खरं सांग. गेली व्हतीस का?"

माझ्यावर संशय नव्हता त्यांचा. साहेब म्हणतो म्हणजे खरंच असणार, एवढंच त्यांना आयुष्यभर शिकवलं गेलं होतं. फार रडू आलं. समोरचा कागद पुन्हा वाचला. माफ. मी केलंच काय होतं? माझ्याच अक्षरात मी गुन्हेगार झाले होते.

"दुसरा कागद द्या."

"का? बरोबर आहे की."

"नाही. मी माफी मागायला आले नाही."

लिहिलं : विषय, मी न केलेल्या व्यवहाराची तक्रार. सोबत आणलेला ड्युटीचा तक्ता जोडला. नम्र लिहिलं नाही. नुसती सही केली. पोच मागितली.

"पोच कशाला? फोन करू ना."

"शिक्का मारून द्या."

त्यानं आदळून शिक्का मारला.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "साहेब चिडलं गं."

बँकेचं उत्तर अजून आलेलं नाही. नाही आलं तर बँकिंग लोकपालाकडे जाईन. पैसे मिळोत न मिळोत. पण बाबांनी माझ्यासाठी जोडलेले ते हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. माझ्या देखत ते पुन्हा कुणापुढे जोडू देणार नाही.