चर्चच्या फरशीवर मोज्यांनी

सांगलीहून मुंबईच्या गाडीत बसेपर्यंत आईच्या सूचना चालूच होत्या. थंडी, जेवणखाण, सगळं सांगून झालं आणि गाडी हलताना खिडकीला हात लावून ती म्हणाली, "कुणाच्याही देवाच्या दारात गेलीस तरी पायातलं बाहेर काढ गं!" निरोप द्यायला आलेले तुम्ही सगळे शाळासोबती हसलात. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, मला हसता आलं नाही.

जर्मनीत बाड हॉम्बुर्गला आले ती ह्यांच्या नोकरीपाठोपाठ. माझी आर्किटेक्टची पदवी बॅगेच्या तळाशी. जर्मन शिकण्यात दोन वर्षं गेली, मग जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात प्रोबेत्साइटवर लागले. म्हणजे पसंत पडलीस तर राहा, नाहीतर नमस्कार. ती मुदत संपत आली होती आणि ऑफिसच्या मालकीण केलरबाईंच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळत नव्हतं. जीव टांगणीला लागला होता.

तेवढ्यात शेजारच्या गावातलं चर्च दुरुस्तीला आलं. आणि काय चर्च! शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, एडवर्ड राजाच्या काळात, इथे हवापालटाला येणाऱ्या इंग्रजांनी त्यांच्या गावाकडच्यासारखं बांधलेलं. लाल विटा, बुटका रुंद मनोरा. आत ओकच्या लाकडाचं छत, बैलगाडीच्या टपासारखं वाकलेलं. कुठे झगमगाट म्हणून नाही. आणि खाली तांबड्या-पिवळ्या नक्षीच्या फरश्या, अगदी आपल्या शाळेच्या हॉलमधल्यासारख्या! मी तर वेडीच झाले.

नेमक्या त्याच उखडायच्या होत्या. ओल जमिनीतून वर चढते आहे, असं सगळ्यांचं ठरलं होतं. फरश्या काढून काँक्रीट ओतायचं.

मी सवयीने दारातच बूट काढले. साधे नव्हेत, पुढे लोखंड असलेले, साइटवर सक्तीचे बूट! केलरबाई पार वेदीपाशी होत्या, तिथून ओरडल्या, "फ्राऊ पाटील! बूट!" कंत्राटदार, चर्चच्या पाद्रीबाई, सगळे माझ्या मोज्यांकडे बघायला लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेली नोकरी, म्हटलं.

मागे फिरले, तर उजवा मोजा ओला आणि डावा कोरडा ठणठणीत! नोकरी जाणारच आहे, मग लाज कसली? तशीच चालत राहिले. हातभर रुंदीचा पट्टा ओला, मनोऱ्यापासून सरळ वेदीकडे गेलेला. दोन्ही बाजूंना कोरडं. "जमिनीतून आलेली ओल अशी रेघ ओढून कशी येईल?" मी मोडक्या जर्मनमध्ये विचारलं. "याच्या खाली काहीतरी आहे."

"आल्झो, बरं तर," केलरबाई म्हणाल्या, "आधी बूट घाला. मग दाखवा."

होतंच! मनोऱ्याशी असलेली लोखंडी जाळी उचलली, तर खाली गरम हवा खेळवायला बांधलेला विटांचा बोगदा. छपरावरचं पाणी उतरवणारा नळ फुटून सगळं त्यात ओतत होता. मी आनंदाने अक्षरशः टाळ्या पिटल्या. नळ बदलला, फरश्या वाचल्या, आणि मीही. "राहा," एवढंच केलरबाई म्हणाल्या. बुटांबद्दलची लेखी समज मात्र दिलीच. जर्मनीच ती, गेनाऊ, म्हणजे अगदी काटेकोर!

चार पैसे गाठीला बांधून परत येईन, असं तुम्हाला सांगून निघाले होते. आता ऐका काय झालं. मागच्या आठवड्यात सांगलीत पूर होता आणि इथेही पावसाने झोडपून काढलं. तिकडे कृष्णेचं पाणी चढायला लागलं की मी दर तासाला आईला फोन करते, तशीच घालमेल सुरू झाली. कढी अर्धवट टाकून छत्री घेतली. "एवढ्या पावसात कुठे निघालीस?" आमचे हे विचारत राहिले, आणि मी बस पकडलीसुद्धा.

चर्चमध्ये गुडघ्यांवर बसून फरशीवरून हात फिरवत होते, तेवढ्यात आईचा फोन आला. "पाणी उतरलं गं इथलं. तुमच्याकडे काय?"

"कोरडं आहे, आई," मी म्हणाले. "आपलं सगळं कोरडं आहे."