घडीव सुरी आणि आगाऊ अर्ज

तालुक्याच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिणे हा माझा धंदा. शिक्षण मराठी पाचवीपर्यंत झाले. पुढे वडील वारल्यामुळे शाळा सुटली. परंतु कायद्याची भाषा मी वापरातून कमावली, आणि माझ्या मजकुरावर कोणा कारकुनाने बोट ठेवल्याचे मला स्मरत नाही. हे आत्मस्तुतीसाठी सांगत नसून, पुढील हकीकत समजण्यासाठी ते ठाऊक असणे अवश्य आहे म्हणून सांगतो.

चळवळीचे दिवस होते. तारा तुटत, चावड्या जळत. रस्त्याने पोलिसांची लॉरी गेली की माणसे घराची दारे मुद्दाम सताड उघडी ठेवीत, कारण बंद दार दिसले की झडती तेथूनच सुरू होई. शेजारी शेजाऱ्याला, काल कोठे होतास, असे विचारीनासा झाला होता.

माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ आष्ट्यास राहात असे. पुण्याच्या पलटणीच्या मेसमध्ये त्याने चार वर्षे स्वयंपाक केला होता. हिवतापामुळे नाव कमी होऊन तो घरी आला आणि लग्नकार्यांत दुसऱ्या आचाऱ्याच्या हाताखाली कांदे चिरू लागला. अशात साताऱ्यास एका इंजिनिअर साहेबाच्या बंगल्यावर खानसाम्याची जागा निघाली. बाईसाहेबांनी त्याच्या हातचे खाऊन पाहिले व पसंती दिली. विळीवर बसून चिरणारा माणूस त्यांना नको होता. उभ्याने, टेबलावर, स्वतःच्या सुऱ्यांनी काम करायचे. आणि पहिल्या तारखेस हजर न झाल्यास दुसरा माणूस तयार होता. बायको, दोन मुले व तो, अशा चौघांचा पुढला सारा संसार त्या एका तारखेवर येऊन ठेपला होता.

सांगलीच्या पेठेत एका दुकानदाराकडे लढाईपूर्वीचा जर्मन माल शिल्लक होता. तो त्याने मागच्या खोलीत ठेवलेला असे. आम्हाला आत घेऊन त्याने पडदा ओढला आणि दोन प्रकारच्या सुऱ्या सतरंजीवर मांडल्या. एक प्रकार पत्र्यातून कापलेल्या पात्यांचा: पातळ, हलका, मुठीला दोन रिव्हेटी. दुसरा घडीव. पाते व मूठ यांच्यामध्ये पोलादाचे जाड कडे, काळ्या लाकडाच्या मुठीला तीन रिव्हेटी, आणि पात्यावर कोरलेली रोमन अक्षरे, जी मी एकेक जुळवून वाचून दाखविली. हलक्यांतील मोठे पाते वीतभरही नव्हते. घडीवांतील मोठे वीत भरून वर दोन बोटे उरत होते.

मेहुण्याने दुकानदाराकडून एक कांदा मागून घेतला. उभ्यानेच, कडेच्या फळीवर ठेवून, त्याने हलक्या सुरीने तो असा चिरला की काप कागदासारखे पडले. मग घडीव हातात घेऊन तोलून पाहिली आणि खाली ठेवली.

"दाजी, ही हलकीच घिऊ. दिसभर हातात धरायची हाय. ती दुसरी काय रेडा कापाया हाय व्हय?"

दुकानदार हसला. मी हसलो नाही. साहेबाच्या घरी हलके हत्यार नेणारा माणूसही हलकाच ठरतो, हे मी त्यास समजावून सांगितले. तो माझ्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता. त्या दिवशीही गेला नाही. मोठी, मधली व सोलण्याची छोटी, अशा तीन घडीव सुऱ्या आम्ही घेतल्या. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून देताना दुकानदाराने आवाज खाली आणून, माल कोठून घेतला ते बोलू नका, एवढेच सांगितले.

परतताना आमच्या कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीला वाटेत नाक्यावर थांबविले. शिपाई काठीने बोचकी टोचून पाहात होते. एका म्हातारीची वांगी रस्त्यावर घरंगळली, ती कोणी उचलली नाहीत. आमचे पुडके मेहुण्याच्या मांडीखाली होते. त्याच्यापर्यंत येण्यापूर्वीच मोटार सोडण्यात आली. परंतु माझी छाती घरी पोहोचेपर्यंत धडधडत होती, आणि त्या धडधडीतच मला आगाऊ अर्जाची कल्पना सुचली.

मेहुणा नको म्हणत होता. सुरी कोणाच्या घरात नसते, असे त्याचे म्हणणे. मी त्यास बजावले की जे आपण होऊन लिहून दिले त्याचा संशय सरकारास येत नाही. पोलीस ठाण्याकडे करावयाचा तो अर्ज मी त्याच रात्री एकटाकी लिहिला. अर्जदाराजवळ जर्मन बनावटीची घडीव पोलादी पाती नग तीन असून मोठ्याची लांबी साडेदहा इंच आहे. ती केवळ स्वयंपाकाकरिता बाळगली आहेत. सबब कोणताही संशय घेण्यात येऊ नये. शेवटी, जमिनीच्या खतात घालतात त्याप्रमाणे, घराची चतुःसीमा दिली: पूर्वेस देऊळ, पश्चिमेस आड, दक्षिणेस गल्ली, उत्तरेस लोहाराचा भाता. मेहुण्याने सही केली. मी स्वतः जाऊन ठाण्यात अर्ज दिला व पोच घेतली.

सहाव्या दिवशी पहाटे नदीकाठच्या चौकीवरील शिपाई पोटात पात्याचा खोल वार झालेल्या स्थितीत सापडला. तो जिवंत होता, पण शुद्धीवर नव्हता. बाजार अर्ध्या दिवसातच उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार माझ्या बैठकीपाशी आला. सगळे मला मास्तर म्हणत, तसा तोही म्हणे. त्याच्या हातात तो अर्ज होता.

"अक्षर तुमचंच ना, मास्तर?"

मी कागद हातात घेऊन सावकाश वाचला. माझेच आहे, असे सांगितले, आणि एका ठिकाणी शाई पसरली होती तीही दाखविली. हवालदाराने घडी घातली.

"घर लगेच सापडंल असं लिवलंय," तो म्हणाला व लॉरीत चढला.

लॉरी आष्ट्याच्या रस्त्याला वळली तेव्हा मला कळले. संध्याकाळी मी पोहोचलो तो दार उघडे, जोंधळे जमिनीवर सांडलेले, आणि मेहुण्याची बायको दोन्ही मुलांना घट्ट धरून चुलीपाशी बसलेली. तिघे पोलीस आले होते. सुऱ्या नेल्या, आणि त्यालाही नेले.

सकाळी मी फौजदारापुढे उभा राहिलो. मोठी सुरी टेबलावर होती. जखम रुंद पात्याची आहे, एवढे लांब पाते भाजीला लागते काय, असे त्यांनी विचारले. मी घडीव व पत्र्याच्या मालातील फरक क्रमवार सांगितला. त्यांनी सर्व ऐकून घेतले.

"साऱ्या तालुक्यात, माझ्याकडं पातं आहे, असं लिहून देणारा हा एकटाच. बाकीच्यांच्या घरी सुऱ्या नाहीत म्हणता? मग यालाच आधीपासून भीती कशाची होती?"

भीती त्याला नव्हती, मला होती. त्याला तर ती सुरीदेखील नको होती. एवढेच सांगायचे होते. वाक्य पुरते जुळलेले होते, जिभेवर होते. आतल्या खोलीतून कोणाच्या तरी कण्हण्याचा आवाज आला, आणि मी ते वाक्य गिळले. अर्जदाराने सांगितले तसे मी लिहिले, असे माझ्या तोंडून बाहेर पडले. फौजदारांनी ते टिपून घेतले.

सतरा दिवसांनी शिपाई बोलू लागला व त्याने भलत्याच माणसाचे वर्णन दिले. मेहुण्याला सोडले. पहिली तारीख उलटून गेली होती. बंगल्यावर दुसरा खानसामा उभा राहिला होता.

मी आष्ट्यास गेलो तेव्हा तो जेवत होता. उजव्या हाताची दोन बोटे मिटत नव्हती. घास तो उरलेल्या बोटांनी उचलीत होता. मी पिशवीतून कागद काढला. सुऱ्या परत मिळाव्यात म्हणून ठाण्याला एक आणि झाला प्रकार कळवून साहेबास एक, असे दोन अर्ज करू, असे मी म्हटले. त्याने घास पुरा गिळला.

"तुमी बसा दाजी, च्या घ्या. पर माझ्यासाठी आता काय बी लिवू नगा."

फौजदारांपुढे मी काय बोललो ते त्यास ठाऊक होते की नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही. त्याने विचारले नाही. मीही सांगितले नाही. अर्जाचा मजकूर मी अनेकदा मनाशी वाचून पाहिला; त्यात मला आजही दोष सापडत नाही, आणि हीच गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. पूर्वी भाऊबीजेस तो आमच्याकडे येत असे. आता माझी पत्नीच आष्ट्यास जाते, एकटी.