आईच्या नावचं शेततळं

आमचं शेत नेकनूरपासून थोडं आत, मुरमाड माळाला. पाऊस झाला की पाणी उतारानं ओढ्याला निघून जायचं, आणि सुगी आटोपली की आई-वडील कोयते घेऊन ऊसतोडीला जायचे. मी शाळेसाठी चुलतीपाशी मागं राहायचे. घराला कुलूप.

शेततळ्याला सरकारी अनुदान मिळतं हे कळल्यावर वडिलांनी अर्ज आईच्या नावानं केला. बाईच्या नावाला नंबर लवकर लागतो, असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं. त्यासाठी आधी माळाचा तुकडा तिच्या नावावर करावा लागला. आईला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

"नाव कुनाचं का आसंना, खुरपायचं मलाच हाय," एवढंच ती म्हणाली.

उन्हाळ्यात तळं खोदून झालं, आत प्लास्टिकचा कागद अंथरून झाला. अनुदान जमा व्हायच्या आधी कृषी सहायक फोटो काढायला आले. मी तेव्हा बीडला नर्सिंग शिकत होते, सुट्टीत घरी होते. वडील टोपी झटकून तळ्याच्या काठावर ऐटीत उभे राहिले. साहेबांनी मोबाइल खाली घेतला.

"काका, तुम्ही नाही. शेतकरी पाहिजे."

"मग मी कोन हाय?"

"कागदावर मावशी शेतकरी आहेत. त्यांना उभं करा."

आई पलीकडे तुराट्यांची मोळी बांधत होती. मी हाक मारली तशी आली, आणि फोटोचं ऐकून आल्या पावली माघारी वळली. "आसल्या अवतारात? न्हाई जमायचं."

साहेबांना पुढची गावं करायची होती. ते घड्याळ बघत राहिले, वडील त्यांना बाभळीखाली बसवून पाणी देत राहिले. आई आली ती लग्नाकार्यात नेसायचं लुगडं नेसून, ठळक कुंकू लावून. मागं शेजारच्या दोघी जणी, बघायला. एवढं करूनही फोटोला लागणारं लोकेशन मोबाइलवर येईना. आई उन्हात ताठ उभी. हात कुठं ठेवावेत तेही तिला कळत नव्हतं.

"कावून एवढं ताणून धरलंय तोंड?" वडिलांनी विचारलं.

"आवं, सरकार बघनार हाय!"

शेजारणी खिदळल्या, आईलाही हसू फुटलं, आणि नेमकं तेव्हाच लोकेशन आलं. साहेबांनी तोच हसरा फोटो काढून पाठवला.

त्या वर्षी पाऊस बरा झाला आणि तळं काठोकाठ भरलं. अनुदान आल्याचा मेसेज आईनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. कागदवाल्या दुकानदाराचे पैसे द्यायला ती स्वतः गेली. वडील तिच्या मागून चालत होते.

मग मी घरी असतानाच मुकादम आला, ऊसतोडीची आगाऊ उचल द्यायला. हे बोलणं दरवर्षी ओसरीवर वडिलांशी व्हायचं आणि आई आतून चहा पाठवायची. त्या दिवशी ती स्वतः चहा घेऊन बाहेर आली आणि तिथंच उभी राहिली.

"औंदा आमी येत न्हाई. तळ्यात पानी हाय. हरभरा पेरायचाय."

मुकादमानं वडिलांकडं पाहिलं. वडील खाली बघत बशीतला चहा फुंकत होते. आता ते काय बोलतात या धास्तीनं मी दाराआडच थांबले.

"तिचं तळं हाय," ते म्हणाले. "तिलाच इचारा."

मुकादम हसला. "लई मोठ्या झालात की वैनी," म्हणत त्यानं चहा संपवला आणि गाडीला किक मारली.

हिवाळ्यात एका शनिवारी मी बीडहून घरी आले. ऊसतोडीच्या दिवसांत आमचं दार उघडं असलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. हरभऱ्याला घाटे धरले होते. वडील पाण्याचा पाइप ओढत नेत होते आणि आई बांधावर बसून त्यांना पाणी कुठं वळवायचं ते सांगत होती. ते कुरकुरत होते, पण वळवत होते. मला बघून आईनं शेजारी उपटून ठेवलेल्या मेथीकडं बोट केलं.

"आलीस का? बस, जुड्या बांधू लाग. उद्या नेकनूरच्या बाजारला न्यायचीय."

मी चप्पल काढली आणि तिच्या शेजारी बसले.