सारवलेली गुहा

पुष्पलताबाईंना चिडायला निमित्त लागत नसे. जव्हारच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत, आणि वाघ-बिबट्या सोडून दुसऱ्या कशावर प्रश्न विचारणारं पोर त्यांना अजून भेटायचं होतं. त्यांचा स्वतःचा जीव जडला होता कोळ्यांवर. तेही घराच्या आढ्यातल्या नव्हे, तर सूर्यमाळच्या एका पाड्याजवळच्या गुहेत, उजेड संपतो त्याच्याही पुढे राहणाऱ्या.

गुहेच्या तोंडाशी राहणारे कोळी चारचौघांसारखे असतात. करडे, चपळ, डास-पतंगांवर टपलेले. आत वळण घेतलं की रंग उडतो, पाय लांबतात, डोळे नावापुरते उरतात. जिथे काही दिसायचंच नाही, तिथे ते सांभाळून करायचं काय? हे कोळी लांब पायांनी चाचपडतात आणि जाळ्याच्या थरथरीवरून भक्ष्य ओळखतात. त्यांचं पोट मात्र वटवाघळांच्या जिवावर. वटवाघळांची विष्ठा खाली पडते, तिच्यावर किडे पोसतात, किड्यांवर कोळी. वटवाघळं गेली की पुढच्या सगळ्यांची चूल विझते.

बाईंचं सगळं लक्ष होतं एका फिकट मादीवर. अंड्यांचा पुंजका जबड्यात धरून ती लटकलेली असे. पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती तो सोडणार नव्हती, जवळजवळ उपाशीच राहणार होती. ही जात बाईंना कुठल्याच पुस्तकात सापडली नव्हती. ती नवी आहे की नाही, हे सांगू शकणारे पुण्याचे गौतम सर. फोटोवरून काही ठरत नाही, हे त्यांनी बाईंना इतक्यांदा ऐकवलं होतं की बाईंनी फोटो पाठवणंच सोडलं. आता कसेबसे ते यायला तयार झाले.

बाई लगोलग पाड्यावर गेल्या. गुहेत पाड्याचा देव होता, त्याचं सगळं माघीमावशी बघायची. "रविवारी पुण्याचे पाहुणे येणार आहेत, गुहेत जायचंय," एवढंच तिला सांगून त्या परतल्या. कोळ्यांचं नाव त्यांनी पाड्यावर कधीच काढलं नव्हतं. काढलं तर लोक बघायला येतील, हात लावतील, ही धास्ती.

रविवारी सरांना घेऊन त्या चढ चढून वर आल्या, तर गुहेतून शेणाचा वास येत होता.

"ये बाय," माघीमावशी हसत पुढे झाली. "सगला साफ केला बघ. पावन्यांला बसाय घोंगडी पन हातरलीय."

हात पोचेल तिथवर भिंती सारवल्या होत्या. बांबूला झाडू बांधून छत झाडलं होतं. आदल्या दिवशी ओला पाला पेटवून धूर कोंडला होता, वटवाघळं केव्हाच पळाली होती. बाईंनी आतल्या वळणापलीकडे बॅटरी मारली. तिथेही ओलं, गुळगुळीत शेण. मादी नव्हती, जाळं नव्हतं, साधा किडा नव्हता.

गौतम सरांनी सभ्य माणसासारखं सगळीकडे वाकून पाहिलं. "आता इथे काही मिळणं कठीण आहे. बघू पुन्हा कधीतरी," ते म्हणाले आणि खोकत बाहेर गेले. हे 'कधीतरी' बाईंना चांगलं ठाऊक होतं.

मग त्यांचा तोल सुटला. "कुणी सांगितले होते हे उद्योग? कोळी बघायला येत होते मी इथे. सगळे मारलेत तुम्ही. इतक्या वर्षांची मेहनत मातीत घातलीत."

"कोली?" माघीमावशीला काही उमजेना. "आमाला वाटला, तुजा नवस हाय."

"कसला नवस?"

"तुला मूलबाल नाय. एकटीच येयाचीस, आंधारात गप बसून रेयाचीस. बाईमानूस दुसरा काय मागल? मंग पावने येतान बोललीस. आमी म्हनला, देव पावला, नवस फेडाय येतान. म्हनून सगल्या बाया सारवाय आल्या. आमी पन मागायचो तुज्यासाठी."

डॉक्टरांनी नाही म्हटल्यापासून तो विषय बाईंच्या घरातही कुणी काढत नसे. इथे अख्खा पाडा त्यांच्यासाठी मूल मागत बसला होता. बाईंचा राग जागच्या जागी अडकला. तो काढायचा कुणावर, हेच कळेना.

माघीमावशीने त्यांना हाताला धरून घोंगडीवर बसवलं. खालच्या वाटेने बायकांचं बोलणं, हसणं ऐकू येऊ लागलं.

"नारल घेऊन येतान त्या," माघीमावशी हळू आवाजात म्हणाली. "आता काय सांगू त्यांना?"