पंखा बंद असलेला चैत्र

तुमच्या शाळेत वीज वाचवायचा आठवडा चालू आहे, असं तुमची आई परवा फोनवर म्हणाली. मला तिचाच एक चैत्र आठवला. तेव्हा ती दुसरीत होती आणि आम्ही डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो.

पाडव्याच्या आधी मी घर झाडायला काढलं. स्टुलावर चढून बाहेरच्या खोलीतल्या पंख्यापाशी केरसुणी नेली, तर वरच्या वाटीतून गवताच्या काड्या लोंबत होत्या आणि आतून बारीक चिवचिव येत होती. माझ्या घरात प्रत्येक वस्तूला जागा ठरलेली. घरट्याला नव्हती.

“आई, पिलं आहेत. काढायचं नाही,” तुमची आई खालून ओरडली.

“नाही काढत. पण पंखा तर लागणारच.”

“आणि चिमणी पात्यात आली म्हणजे?”

मी केरसुणी खाली ठेवली. तिने औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी आणून पंख्याच्या बटणावर लावून टाकली. संध्याकाळी तुमचे आजोबा घामाने भिजून आले, त्यांचा हात सवयीने बटणाकडे गेला. “याला काय लागलंय?” त्यांनी विचारलं. सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची गॅलरीत नेली.

मग आम्ही सगळेच गॅलरीत राहायला गेल्यासारखे झालो. जेवणाची ताटं तिथेच येत. दुपारी मी चिमणीपुरती वाट मोकळी ठेवून खिडकीला ओलं पातळ बांधायची, त्यातून गार, हिरवट उजेड आत झिरपायचा. ऊन उतरलं की खाडीकडून वारा सुटे आणि मागच्या कडुनिंबाचा मोहर हलके हलके कठड्यावर सांडत राही. त्याचा गोडसर वास उशांनासुद्धा लागला होता. पानं एकमेकांवर घासली की लांबून पाणी वाहिल्यासारखं वाटे. हे झाड आम्ही राहायला आलो तेव्हापासून तिथेच होतं.

पण चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं आणि माझा धीर सुटला. इतक्या बायका, लहानशी खोली, आणि पंखा नाही! गौर झोपाळ्यात बसवली, आंब्याची डाळ वाटली, पन्हं माठात गार करत ठेवलं. बायका आल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या.

“पंखा बिघडलाय वाटतं?” शेजारच्या वहिनींनी विचारलं.

“बिघडला नाही, भाड्याने दिलाय,” मी म्हटलं आणि वर बोट दाखवलं.

“वा! बाळंतपण चिमणीचं आणि घाम आमचा!”

सगळ्या हसल्या. त्या हसण्यातच खालच्या मजल्यावरच्या काकू धापा टाकत आत आल्या. “अगं बाई, काय हा उकाडा!” म्हणत त्यांनी थेट भिंतीकडे हात नेला. चिकटपट्टी घामट बोटाखाली सुटली. पाती फिरू लागली, आणि नेमकी तेव्हाच चोचीत अळी धरलेली चिमणी खिडकीच्या गजावर येऊन बसली.

“काकू, बंद करा! बंद करा!” तुमची आई ओरडली आणि धावत जाऊन तिनेच बटण दाबलं. पाती मंद होत होत थांबली. चिमणी गजावरून मागे वळली आणि निघून गेली.

वरून पिलांचा आवाज येत राहिला. तुमची आई खिडकीखाली बसली, डोळे भरलेले. काकू हळूच तिच्या शेजारी टेकल्या. हळदीकुंकवाला बायका गप्प बसल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. कुणी पन्ह्याचा पेलासुद्धा वाजवत नव्हतं. त्या शांततेत मागच्या झाडावर कोकिळा ओरडली, थांबली, पुन्हा ओरडली. वाऱ्याची एक झुळूक पातळ हलवून आत आली आणि सगळ्यांच्या हातावरचं चंदन एकदम गार झालं. आपण कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली बसलोय, असं मला वाटत राहिलं.

चिमणी परत आली. गजावर थांबली, आमच्याकडे मान वाकडी करून पाहिलं आणि सरळ वर वाटीत गेली.

“आली गं बाई,” काकू पुटपुटल्या. “आता उकडलं तरी चालेल.”

पुढे पिलं उडाली. आजोबांनी काड्या उतरवल्या, पाती पुसली आणि पंखा लावला. छान वारा आला. आम्ही तिघं खाली बसलो. थोड्या वेळाने तुमची आई उठली आणि तिने बटण बंद केलं.

“का गं?” आजोबांनी विचारलं.

“पंख्याच्या आवाजात बाहेरचं काही ऐकूच येत नाही,” ती म्हणाली, आणि आपली चटई घेऊन गॅलरीत गेली.