मामाजी, कुठं जाऊन राहिले?

जनरल मामाजींना रस्त्यात कोणी विचारलं, 'कुठं जाऊन राहिले?', तर ते थांबत आणि खरं सांगत. कुठे, कशाने, परत केव्हा, सगळं. आमच्याकडे हा प्रश्न, म्हणजे 'कुठे निघालात?', नमस्कारासारखा विचारतात, आणि उत्तर टाळणं म्हणजे विचारणाऱ्यालाच टाळणं. गोंदियाजवळच्या आमच्या फुलचूरमध्ये हे सगळेच पाळतात. मात्र बाकीच्यांच्या मागे बंदूकधारी पोलीस चालत नसतो.

मामाजी, म्हणजे साऱ्या गल्लीचेच मामाजी, लेफ्टनंट जनरल होऊन निवृत्त झाले होते. सीमेवर त्यांनी चालवलेल्या एका मोहिमेनंतर धमक्या येऊ लागल्या, म्हणून निवृत्तीनंतरही सरकारने त्यांचं संरक्षण चालू ठेवलं. घराणं सालेकशाकडचं, पोवार शेतकऱ्यांचं. घर मात्र त्यांनी फुलचूरला बांधलं, माझ्या घरासमोर. फाटकाशी प्लास्टिकची खुर्ची असे आणि खुर्चीत मडावी. मडावी जिल्हा पोलिसांतला शिपाई. गल्ली त्याला गनमॅन म्हणे.

मडावी सदा काळजीत. अनोळखी मोटारसायकल कोपऱ्यावर थांबली की तो उभा राही. येणाऱ्याची पिशवी उघडून पाही. मामाजींची बहीण सालेकशाहून मोहफुलं घेऊन आली, तेव्हा त्याने तीही चाचपली. म्हातारी म्हणाली, "माह्या भावाले मी मोहानं मारीन का रे?" मामाजी हसले, मडावीने पिशवी तळापर्यंत पाहिलीच.

जाण्याचा रस्ता आणि वेळ कोणाला कळू द्यायची नाही, हा त्याच्या कामाचा पहिला नियम. आणि मामाजी चहाच्या टपरीसमोर, चारचौघांत सांगत, "सालेकस्याले. दुपारच्या गाडीनं. सांजच्याले परत." एकदा मी तिथेच उभा होतो. मडावीला राहवलं नाही.

"साहेब, काऊन सांगून राहिले सगळ्यायले?"

मामाजी म्हणाले, "साऱ्या नोकरीत कोणाले सांगतलं नाही, मडावी. बायको दारात उभी राहून विचारे, कुठं म्हणून. ती गेली, तरी तिले सांगतलं नाही. आता रस्त्यातल्या माणसाले तरी सांगू दे."

मग वरून आढावा झाला. धोका कमी झाला आहे असं ठरलं आणि संरक्षण काढून घेण्यात आलं. मी बातमीदार, ही बातमी माझ्याकडे होती. संपादकांशी बोलून आम्ही ती छापली नाही. पण फाटकाशी खुर्ची नाही, हे कोणालाही दिसत होतं. जाताना ती ओसरीत ठेवून मडावीने एवढंच मागितलं, "साहेब, आता तरी कोणाले सांगू नका." मामाजींनी मान हलवली आणि हुकूम पाळावा तसं ते पाळलं.

आता कोणी विचारलं तर 'इथंच' म्हणून ते पुढे जात. "साहब हो गए मामाजी," टपरीवाला म्हणाला. त्याला ते लागलं होतं. फक्त मडावी मुख्यालयातून रोज दिवेलागणीला फोन करून विचारी, आणि त्याला ते सांगत. मला समोर राहून काही कळत नसे. त्यांच्या फाटकाची कडी वाजली की मी खिडकीशी जाऊ लागलो. कोपऱ्यावरच्या मोटारसायकली मीही पाहू लागलो.

एका संध्याकाळी मडावीचा फोन मला आला. साहेबांचा फोन लागत नव्हता. मी पाहिलं, दाराला कुलूप. टपरीवर विचारलं, ऑटोवाल्यांना विचारलं, पिठाच्या चक्कीवर विचारलं. सगळीकडे एकच उत्तर, 'इथंच म्हणाले.' मडावी साध्या कपड्यांत, मोटारसायकलवर आला. बंदूक नव्हती, तरी हात पुन्हा पुन्हा कमरेकडे जात होता. बहिणीच्या गावाला रेंज नव्हती. आणखी काही सुचेना म्हणून आम्ही गोंदिया स्टेशनवर गेलो आणि सालेकशाकडून येणाऱ्या गाडीची वाट पाहत राहिलो.

गाडीतून मामाजी उतरले. हातात बहिणीची पिशवी, खिशात बंद पडलेला फोन.

मडावीने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाला, "साहेब, सांगून तं जावं लागते."

"तूच तं नको म्हटला."

"आता सांगत जा," मडावी म्हणाला. "सगळ्यायले सांगत जा."

दुसऱ्या दिवसापासून मामाजी पुन्हा टपरीसमोर थांबू लागले. त्यांनी सांगितलेली वेळ उलटली की टपरीवाला मडावीला फोन लावी. धमक्यांचं पुढे काय झालं, ते आम्हाला कोणी कळवलं नाही. कोपऱ्यावर मोटारसायकल थांबली की आता सगळी गल्लीच मान वळवून पाही.

फुलचूरमध्ये त्यांना मी शेवटचं पाहिलं ते रुग्णवाहिकेत. श्वास लागला होता. मडावी रजा टाकून आला होता आणि त्यांच्या उशाशी बसला होता. टपरीवाला धावत आला, दाराशी वाकला आणि सवयीने विचारून बसला, "मामाजी, कुठं जाऊन राहिले?"

मामाजींनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"नागपूरले," ते म्हणाले. परतीची वेळ ऐकायला आम्ही थांबलो. त्यांनी मडावीकडे पाहिलं, मग टपरीवाल्याकडे. "परतायचं काही सांगता येत नाही."

मडावीने मास्क नीट बसवला. टपरीवाला म्हणाला, "बरं मामाजी." खरं उत्तर मिळालं की आमच्याकडे एवढंच म्हणतात.