खंडेनवमीनंतरची परीक्षा

पुंडलिकनगरात माझा कॉम्प्युटर क्लास होता, तेव्हाची, दुष्काळातली गोष्ट. गल्लीत नवं घर उठायचं म्हटलं की आधी बोअरची गाडी यायची. पाणी लागो न लागो, पांढरी भुकटी भरपूर निघायची आणि थेट माझ्या यंत्रांत जाऊन बसायची. यंत्रंही माझ्यासारखीच, कुठल्याशा कंपनीनं काढून टाकलेली. आत डिस्क नव्हती. बटण दाबलं की प्रत्येक यंत्र वायरीतून कोपऱ्यातल्या सर्व्हरला हाक मारायचं आणि त्याच्याकडून सगळं मागून घेऊन सुरू व्हायचं. उसनवारीचा संसार होता, पण चालत होता.

क्लासला फुलंब्रीहून एक बाई यायची. माहेर-सासर दोन्हीकडं मेंढरं. नवरा नोकरीत असताना गेला आणि त्याच्या जागी तिला कारकुनी मिळाली. मुदतीत टायपिंगची परीक्षा पास व्हायची, एवढीच अट. आधी नापास झालेली. आता ही शेवटची संधी, नाहीतर नोकरी गेली.

खंडेनवमीला ती म्हणाली, घरी आम्ही लोकर कातरायच्या कातरी पुजतो, आता माझं हत्यार हेच, तर मी पुजू का? माझी कसली ना! किल्ली तिच्या हातात दिली आणि झेंडू आणायला औरंगपुऱ्याच्या बाजारात गेलो. परत आलो तर अर्ध्या तांब्या पाण्यात तिनं सगळी यंत्रं पुसून, हळदकुंकू लावून ठेवलेली. त्या दिवशी हत्याराला कामाला लावायचं नसतं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, आणि त्यानंतर माझ्याच क्लासात परीक्षा. बटणं दाबली ती एकदम परीक्षेच्या सकाळी.

एकही यंत्र उठेना. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही. मागं वाकून पाहिलं तर वायरीपाशी हिरवी लाईट लुकलुकतेय. म्हणजे वायर जिवंत, सर्व्हर जिवंत, मग मेलं काय? सर्व्हर बंद केला, चालू केला, त्याला शिव्याही घातल्या. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळाकडं बघत होते. आल्याआल्या त्यांनी दोन गोष्टी केल्या होत्या. परीक्षार्थीनं आधी यंत्रांशी छेडछाड केलेली आढळली तर त्याची परीक्षा रद्द, हा नियम मोठ्यानं वाचला होता. आणि टँकर न आल्यानं माठ कोरडा, म्हणून मला चांगलं सुनावलं होतं.

शेवटी ते म्हणाले, परीक्षा रद्द झाल्याचं कळवतो. सगळे परीक्षार्थी खाली माना घालून बसलेले. तेवढ्यात ती उठली.

"सर, वायरी म्या काढल्या व्हत्या. पुसायला. एका भोकात बोअरची भुकटी लई व्हती, म्हून शेजारच्या चांगल्या भोकात घातल्या. लाईट लागली व्हती की."

मी कपाळावर हात मारला. प्रत्येक यंत्राला वायरीची दोन भोकं, हे मला पाठ होतं. पण यंत्र पहिल्याच भोकातून हाक मारतं, आणि दुसऱ्यात वायर खुपसली तरी लाईट लागतेच, हे त्या घाईत डोक्यातच आलं नाही. त्याहून मोठा धक्का तिचा. नियम तिनंही ऐकला होता. गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं, सगळ्यांचीच परीक्षा गेली असती, पण यंत्रांमुळं, म्हणजे तिला मुदत तरी वाढवून मागता आली असती. आता एकटीची जाणार होती, आणि ती हात जोडून उभी होती. मला तिचा राग आला, खरंच आला. बाई, तुला कुणी विचारलं होतं?

मी परीक्षकांकडं पाहिलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"मी जरा पाणी पिऊन येतो," म्हणाले, आणि माठाकडं गेले.

मी टेबलांखाली शिरलो. भुकटी फुंकली, एकेक वायर पहिल्या भोकात घातली. पडदे उजळत गेले. ती खाली बसली, पदरानं हात पुसले आणि कीबोर्डला नमस्कार केला. त्या परीक्षेत ती पास झाली, हे पुढं कळलंच.

सगळी यंत्रं सुरू झाल्यावर परीक्षक रुमालानं तोंड पुसत आत आले.